सांगण्यासारखा आजार

पेन्शन आणि मूळव्याध या दोन्ही गोष्टी शेषराव गावंड्यांना एकाच महिन्यात सुरू झाल्या. पेन्शनीबद्दल ते न विचारताही सांगत. मूळव्याधीचा मात्र त्यांनी चार वर्षांत स्वतःच्या बायकोलाही पत्ता लागू दिला नव्हता. अकोल्याच्या तहसील कचेरीत त्यांची सारी उमर गेली होती, त्यातली शेवटची अकरा वर्षं हेडक्लार्कच्या खुर्चीवर. ज्या खुर्चीने मान दिला तिनेच असा हिसका द्यावा, हे कोणाला सांगायचं तरी कसं? ताप सांगता येतो. संधिवात सांगता येतो. दम्याला तर एक भारदस्तपणा असतो. दमेकरी बोलता बोलता थांबला की समोरचाही अदबीने थांबतो. पण हा आजार असा की नाव काढल्याबरोबर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माणसाचा चेहरा राहत नाही.

हे असंच निभावून गेलंही असतं. पण महाराष्ट्र राज्य झाल्याच्या तिसऱ्या वर्षी, ऐन वैशाखात, जठारपेठेतल्या पेन्शनर मंडळाने एक शोकसभा ठेवली. अबकारी खात्यातले एक निवृत्त इन्स्पेक्टर हार्टफेलने गेले होते. हार्टफेल तेव्हा अकोल्यात नवीन होतं. पटकी, हिवताप, नारू हे कोणालाही होत. हृदय बंद पडायला माणूस निदान मंत्री नाही तर मिलमालक असावा लागे. त्यामुळे सभेत दुःख होतं तसा थोडा अभिमानही होता. अध्यक्ष खुशालराव म्हणजे जिनिंग फॅक्टरीतले माजी फोरमन. त्यांनी आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केली होती, आणि माणसाचं शरीर हे त्यातल्या त्यात सोपं यंत्र आहे असं त्यांचं मत होतं. मृताचं हृदय किती थोर होतं यावर ते पाऊण तास बोलले. तो पाऊण तास शेषरावांनी शाळेतून आणलेल्या लाकडी खुर्चीवर कधी डाव्या तर कधी उजव्या अंगावर काढला. दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहायची आहे असं जाहीर झालं, तेव्हा सभेत खऱ्या अर्थाने सुखावलेला माणूस तो एकच होता.

पण दोन मिनिटं संपली. सगळे बसले. शेषरावही बसले, जरा जोरात, आणि बसल्याबरोबर "आई गं" म्हणून तितक्याच जोरात उभे राहिले. चेहऱ्यावर घाम फुटला. तो पुसायला त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातल्या रुमालाकडे हात नेला. आतला खिसा डावीकडे असतो.

खुशालरावांनी तो हात पाहिला आणि ते अध्यक्षस्थान सोडून धावले. "शेषराव," त्यांनी खोल आवाजात विचारलं, "छातीत?"

शेषरावांनी साऱ्या नोकरीत एक खोटा दाखला दिला नव्हता. पण वीस-पंचवीस माणसं श्वास रोखून पाहत होती, आणि समोर हार घातलेला इन्स्पेक्टरसाहेबांचा फोटो होता.

"हो," ते म्हणाले. "छातीत."

हृदयरोग्याने एक पाऊलही चालायचं नसतं, असं खुशालरावांनी सांगितलं. म्हणून चार पेन्शनरांनी शेषरावांना त्याच लाकडी खुर्चीवर बसवलं आणि खुर्ची उचलून भर रस्त्याने घरी नेलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला शेषराव कण्हत होते, आणि प्रत्येक कण्हण्यासरशी लोक टोप्या काढत होते.

मनकर्णाबाईंनी दारातूनच ही मिरवणूक पाहिली आणि हातातला तांब्या खाली ठेवला. खुशालरावांनी त्यांना बाजूला घेऊन नियम समजावले. हृदयरोग्याने आडवं व्हायचं नाही; आडवं झालं की रक्त उलटं फिरतं. रात्रंदिवस ताठ बसायचं. त्यांच्या मनाविरुद्ध कोणी शब्द बोलायचा नाही. आणि औषध म्हणाल तर अर्जुनाची साल, लसणाच्या सात पाकळ्या नि अकरा मिरे यांचा काढा, तीन वेळा. तो ते स्वतः करून आणतील. बाईमाणसाच्या हातून प्रमाण चुकतं.

झालं. शेषरावांना पलंगावर तक्के-लोड लावून ताठ बसवण्यात आलं. पहिले दोन दिवस, बूड सोडलं तर, त्यांना हा आजार आवडलाही. मामलेदारांचा शिपाई विचारपूस करून गेला. ज्या वकिलाने कचेरीत त्यांना कधी नमस्कार केला नव्हता, तो चप्पल बाहेर काढून आत आला. लोक हळू बोलत, चहा नको म्हणत, निघताना मागे वळून पाहत. शेजारच्या गल्लीत मुलाकडे राहायला आलेले बाळापूरचे पुंजाजी म्हणून एक म्हातारे शेतकरी होते, तेही काठी टेकत आले. जमिनीवर बसले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, की त्यांच्याही छातीत चढण चढताना असं आवळल्यासारखं होतं, डावा हात भरून येतो. खुशालराव हसले. कास्तकाराच्या छातीत गॅस धरतो, ओवा खात जा, असं त्यांनी सांगितलं. पुंजाजींनी मान डोलावली. हार्ट आपल्या ऐपतीतला नव्हे, हे त्यांनाही पटलं.

तिसऱ्या दिवसापासून काढा अंगी लागला. अर्जुनाची साल तुरट, तिने रोज सकाळी जे व्हायचं ते व्हायचं बंद झालं. मिरे आणि लसूण उष्ण, त्यांनी आग लावली. नसलेल्या रोगाचं औषध असलेल्या रोगावर असं तुटून पडलं, की शेषरावांच्या डोळ्यांत पाणी येई. आणि ते पाणी पाहून खुशालराव काढ्याचं प्रमाण वाढवत.

पण खरा धसका त्यांनी घेतला तो बायकोचा. मनकर्णाबाई लग्न झाल्यापासून रोज त्यांच्याशी भांडत आल्या होत्या. भांडण म्हणजे त्या घराचं घड्याळ होतं. सकाळचं चहाचं, दुपारचं भाजीचं, संध्याकाळचं किरकोळ. आता त्या प्रत्येक गोष्टीला "व्हय" म्हणू लागल्या. शेषरावांनी मुद्दाम म्हणून पाहिलं, की वरणात मीठ नाही. "व्हय," त्या म्हणाल्या, "माहंच चुकलं." वरणात मीठ होतं. शेषरावांच्या अंगावर काटा आला. त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की बाईने ठेचा सोडला आहे, गाल बसले आहेत, आणि ती दर सोमवारी अनवाणी राजराजेश्वराला जाऊन येते. हिला खरं सांगून टाकावं असं त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात खुशालराव काढा घेऊन आले.

त्याच आठवड्यात अंजनगावहून लेक वच्छला आली, आणि तिचे सासरे देवरावही. देवरावांनी टोपलीभर विड्याची पानं आणली होती. देवराव म्हणजे मोकळा गडी. पन्नास एकर काळी जमीन आणि मनात एक गोष्ट ठेवायला जागा नाही. बारा-पंधरा माणसं बसलेली असताना ते म्हणाले, "इवाईबुवा, तुमचं तं थोरामोठ्याचं दुखनं. आमाले आपली मूयव्याध. चार वर्सं बसता नाई आलं. मंग अमरावतीले तायडे डाक्टर हाय, पोरगाच हाय पन हात सोन्याचा, त्यानं कापली. आता मी दगडावरबी बसतो," आणि पुरावा म्हणून ते तिथल्या पाटावर दोनदा आदळून बसले.

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. शेषराव हसले नाहीत. जगात इतकं सुख असतं आणि ते अमरावतीला मिळतं, हे ते पहिल्यांदाच ऐकत होते. सगळे गेल्यावर त्यांनी जाहीर केलं, की हृदयासाठी अमरावतीचा सल्ला घ्यावा असं त्यांना वाटतं.

एकटं जाऊ द्यायचा प्रश्नच नव्हता. मनकर्णाबाई निघाल्या, आणि काढ्याची बरणी घेऊन खुशालरावही निघाले. तायडे डॉक्टर एका धर्मादाय दवाखान्यात होते. तिथल्या खिडकीवर कारकुनाने विचारलं, काय आजार? शेषरावांनी खिडकीत डोकं घालून आवाज उतरवला, पण मागून खुशालरावांनी साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं, "हृदयविकार, तीव्र." कारकुनाने तांबड्या शाईने तसं लिहिलं. शेषराव म्हणाले, ते खोडा. कारकुनाने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की शेषरावांना स्वतःचीच आठवण झाली. एकदा चढलेली नोंद खोडता येत नाही, हे त्यांनी स्वतः अकरा वर्षं लोकांना याच सुरात सांगितलं होतं.

डॉक्टर धर्मपाल तायडे तिशीचे, शांत गृहस्थ होते. दार लोटून घेतल्यावर शेषरावांनी त्यांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, की हे तर फार दिवसांचं आहे, ताबडतोब कापायला हवं. शेषरावांना त्यांचे पाय धरावेसे वाटले. मग डॉक्टरांनी कागद पाहिला.

"तुम्ही हृदयाचे पेशंट आहात," ते म्हणाले. "भूल देता येणार नाही."

शेषरावांनी शपथेवर सांगितलं, की ते खोटं आहे. डॉक्टरांनी बाहेर खुशालरावांना विचारलं. खुशालराव हळहळून म्हणाले, की हा मानी माणूस स्वतःचा आजार कबूल करत नाही, एवढंच याचं वाईट आहे. डॉक्टरांची अडचण खरी होती. तांबड्या शाईवर ते सुरी चालवू शकत नव्हते. नागपूरला हृदयाचा आलेख काढणारं यंत्र होतं. तिथून हृदय चांगलं असल्याचा कागद आणा, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करतो, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे जो रोग नव्हता तो नसल्याचा दाखला आणल्याशिवाय जो होता तो बरा होणार नव्हता. हेडक्लार्कला यात काही चूक काढता येईना.

बडनेऱ्याहून नागपूर पॅसेंजर मिळाली. थर्ड क्लासची फळी पाहून शेषरावांनी उभं राहायचं ठरवलं. खुशालरावांनी डब्याला सांगितलं, की हे हृदयरोगी आहेत. अख्खा बाक रिकामा झाला. नको म्हणता म्हणता सात-आठ हातांनी शेषरावांना खाली बसवलं. समोर नांदगाव खंडेश्वरची गंगूबाई नावाची म्हातारी बसली होती. मांडीवर कापसाची उशी, तोंडात तंबाखू. शेषराव डावीकडे कलत, उजवीकडे कलत, फळीला हात टेकून अर्धे उठत. म्हातारीने दोन स्टेशनं हे पाहिलं. मग तिने उशी पुढे केली.

"घे बाप्पा, हे खाली घे," ती म्हणाली. "तुहं हार्ट लय खाली सरकलं दिसते."

डब्यात हसू फुटलं. हेडक्लार्कसाहेबांबद्दल असं बोलू नका, म्हणून खुशालराव तिला समज देऊ लागले. पण मनकर्णाबाई हसल्या नाहीत. त्या नवऱ्याकडे पाहत होत्या. मग शेजारी सरकून त्यांनी अगदी कानाशी विचारलं, "वच्छलाचे बाबा, खरं सांगा. छातीत दुखते का नाई?"

शेषरावांनी मान हलवली. नाही.

"कदीच नाई?"

पुन्हा नाही.

मनकर्णाबाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. बराच वेळ त्यांचे खांदे हलत होते. मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि सुरुवात केली. धामणगावपासून वर्ध्यापर्यंत, खुशालरावांना ऐकू जाणार नाही इतक्या बारीक आवाजात, त्या नवऱ्याला झोडत होत्या. अनवाणी पायांना आलेल्या फोडांबद्दल, ठेच्याबद्दल, रात्री त्याचा श्वास चालू आहे का म्हणून नाकाशी धरलेल्या बोटाबद्दल, आणि त्या वरणाबद्दल, ज्यात मीठ होतं. शेषराव उशीवर बसून ऐकत होते. कित्येक दिवसांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

नागपूरच्या यंत्राने लांबच लांब कागद काढला आणि तिथल्या डॉक्टरांनी हृदय उत्तम असल्याचं लिहून दिलं. खुशालरावांनी तो कागद दोन्ही हातांत धरून तीनदा वाचला. त्यांचा चेहरा उजळला. "काढा," ते म्हणाले. आणि त्यांनी बरणी छातीशी धरली. ते सरळ अकोल्याला गेले. नवरा-बायको अंबादेवीचा नवस फेडायचा आहे असं सांगून बडनेऱ्याला उतरले, आणि दहा दिवस अमरावतीला राहिले. ऑपरेशन झालं. त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही. शेषरावांनी दोनदा आईला हाक मारली आणि एकदा देवरावांना.

घरी परतले तो जठारपेठेत खुशालराव वैद्य झाले होते. हेडक्लार्कसाहेबांचं बंद पडत आलेलं हृदय वीस दिवसांत उत्तम झालं, याला नागपूरची साक्ष होती. वाचनालयाच्या ओट्यावर सकाळी काढा मिळू लागला. कोणाला धडधड, कोणाला चक्कर, सगळ्यांना काढा. शेषरावांना हे कळलं आणि त्यांनी ठरवलं, की आपण काही बोलायचं नाही. लसणाने कोणी मरत नाही.

एके दिवशी सकाळी मनकर्णाबाई पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, की पुंजाजीचा चेहरा काळाठिक्कर पडला आहे, हात उचलत नाही. पोरगा नागपूरला न्यायला तयार आहे. अकोल्याच्या डॉक्टरनेही तेच सांगितलं. पण म्हातारा हटून बसला आहे. हेडक्लार्कले काढ्यानं गुण आला, तं मले मशीन कावून पाह्यजे, असं म्हणतो आहे.

शेषरावांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

"मी काई म्हनत नाई," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. रोज भांडणारी बाई काही म्हणत नाही, म्हणजे काय म्हणते, ते शेषरावांना आता चांगलं समजत होतं. त्यांनी बंद गळ्याचा कोट घातला, खालपासून वरपर्यंत सगळी बटणं लावली आणि निघाले.

पुंजाजींच्या अंगणात पंधरा-वीस माणसं होती. म्हातारा खाटेवर टेकून बसला होता आणि खुशालराव वाटीत काढा ओतत होते. शेषराव मधोमध उभे राहिले. कचेरीत हुकूम वाचत त्या आवाजात त्यांनी सांगितलं, की त्यांना हृदयविकार नव्हता, कधीच नव्हता, तेव्हा काढ्याने तो बरा झाला नाही.

खुशालराव मंद हसले. नागपूरच्या कागदावर हृदय उत्तम लिहिलं आहे, उत्तम झालं म्हणजे आधी उत्तम नव्हतं, हे उघड आहे, असं त्यांनी लोकांना समजावलं. मग सभेत छातीवर हात का ठेवला होता?

"रुमाल काढायला," शेषराव म्हणाले. "मला मूळव्याध होती."

कोणाचाच विश्वास बसला नव्हता. एवढा मोठा माणूस म्हाताऱ्याच्या जिवासाठी स्वतःवर असला आळ घेतो, याचं काहींना कौतुकच वाटत होतं, आणि खुशालरावांनी तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा मनकर्णाबाई पुढे आल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि साक्ष दिली. काहीही वगळलं नाही. रेल्वेतली उशी सांगितली, डॉक्टरांनी काय कापलं आणि केवढं होतं ते बोटाने दाखवलं, आणि हेडक्लार्कसाहेब रोज दोन वेळा कोमट पाण्याच्या घंगाळात कसे बसतात तेही सांगितलं. शेषराव समोरच्या कडुनिंबाकडे पाहत ताठ उभे होते. त्यांच्या कानांच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या होत्या.

सगळं ऐकून पुंजाजींनी मान वर केली. "शेषरावभाऊ," ते दमत दमत म्हणाले, "एकच सांगा. काढ्यानं तुमाले काय झालं?"

"पाच दिवस परसाकडे झालं नाही," शेषराव म्हणाले.

पुंजाजींनी काढ्याची वाटी हळूच बाजूला सारली आणि मुलाला म्हणाले, "चाल बापू, गाडी कवा हाय?"

दुपारच्या पॅसेंजरने त्यांना नागपूरला नेलं. दुखणं खरंच हृदयाचं होतं, आणि वेळ थोडाच उरला होता, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. खुशालराव महिनाभर शेषरावांशी बोलले नाहीत. मग गुडघ्यांवर त्यांचं नवीन काहीतरी सुरू झालं आणि ते विसरले.

पुंजाजी मात्र विसरले नाहीत. दीड महिन्याने ते गोळ्यांची बाटली घेऊन परतले आणि पुढे सहा वर्षं जगले. उपकार लपवून ठेवणारा माणूस तो नव्हता. बाजारात, स्टेशनवर, तेराव्याला, बारशाला, जिथे म्हणून चार माणसं भेटत तिथे ते शेषरावांचा हात धरून त्यांना पुढे करत आणि सांगत, "हे हेडक्लार्कसायेब. यायच्या मूयव्याधीनं माहा जीव वाचवला."

सुरुवातीला शेषराव हात सोडवून घेत. मग नुसतं दुसरीकडे पाहू लागले. पुंजाजींच्या नातीच्या लग्नात, बाळापूरला, खुद्द गटविकास अधिकारी आले होते. पुंजाजींनी मांडवाच्या मध्यावर त्यांना थांबवून हीच ओळख करून दिली. साहेब तरुण होते; अशा ओळखीला काय म्हणायचं असतं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. ते गोंधळून म्हणाले, "अरे वा. आता कशी आहे?"

शेषरावांनी कोट सारखा केला आणि हात जोडले.

"आपल्या कृपेने बरी आहे," ते म्हणाले. "बसा ना, साहेब." आणि साहेबांच्या शेजारच्या लाकडी खुर्चीवर ते स्वतःही ऐसपैस बसले.